आग्वानचें खोरें व जनरल लोपेस

होंडुरास व एल साल्वादोर हीं मध्य अमेरिकेंतील दोन चिमुकलीं राष्ट्रें १९६९ सालीं फुटबॉलच्या सामन्यावरून एकमेकांशीं लढलीं, ही गोष्ट आपल्याकडील बहुश्रुत वाचकास ठाऊक असते. किंबहुना त्या दोन देशांविषयीं त्यास ठाऊक असलेली ती एकच गोष्ट असते. ती चमत्कारिक आहे, सांगण्यास सोपी आहे, आणि दूरच्या लोकांच्या मूर्खपणास हंसण्याची सोय तिच्यांत आहे. म्हणून ती टिकून राहिली. त्या वर्षाच्या जून महिन्यांत जागतिक स्पर्धेच्या पात्रतेसाठीं या दोन देशांचे तीन सामने झाले, प्रेक्षकांनीं दंगे केले, आणि १४ जुलै रोजीं साल्वादोरच्या सैन्यानें सरहद्द ओलांडली, हा क्रम खरा आहे. परंतु घटनांचा क्रम म्हणजे त्यांचें कारण नव्हे, हें इतिहासाच्या वाचकास निराळें सांगावयास नको. लढाई पेटली ती चेंडूवरून नव्हे, शेतजमिनीवरून. आणि ही जमीन कोणी कसावयाची, या प्रश्नाचें उत्तर ज्यानें त्या वर्षीं एका प्रकारें दिलें व चार वर्षांच्या आंत अगदीं निराळ्या प्रकारें देण्याचा प्रयत्न केला, तो होंडुरासचा लष्करशहा ओस्वाल्दो लोपेस आरेयानो होय. त्याच्या या दुसऱ्या उत्तराची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. वस्तुतः तीच अधिक बोधप्रद आहे.

प्रथम दोन्ही देशांची स्थिति लक्षांत घेतली पाहिजे. होंडुरास विस्तारानें साल्वादोरच्या पांचपटींहून मोठा. पण १९६९ च्या सुमारास त्याची लोकसंख्या सुमारें पंचवीस लाख, आणि इवल्याशा साल्वादोरची तीस लाखांहून अधिक. साल्वादोरमध्यें १८८१ व १८८२ सालच्या कायद्यांनीं गांवांच्या सामाईक जमिनी मोडून टाकण्यांत आल्या व कॉफीचे मळे थोडक्या घराण्यांच्या हातीं गेले. १९३२ च्या जानेवारींत तेथील शेतकऱ्यांनीं उठाव केला, तेव्हां सैन्यानें हजारों माणसें कापून काढलीं. यानंतर भूमिहीन मनुष्यास एकच मार्ग उरला. तो म्हणजे सरहद्द ओलांडून होंडुरासमध्यें जाणें. कांहीं केळ्यांच्या मळ्यांत मजूर झाले, कांहींनीं डोंगरउतारावर जंगल तोडून मका पेरला. १९६९ पर्यंत अशा साल्वादोरी लोकांची संख्या तीन लाखांच्या घरांत गेली होती. त्यांपैकीं बहुतेकांजवळ कागद नव्हता, पण वहिवाट होती. आणि ज्या देशांत जमिनीचे कागद शहरांतील वकिलाच्या कपाटांत असतात, तेथें गरिबाला वहिवाट हाच कागद वाटतो.

होंडुरासचा प्रश्न मात्र निराळा होता. तेथें जमीनदारांहूनही मोठी सत्ता उत्तर किनाऱ्यावरील दोन अमेरिकन केळे-कंपन्यांची, युनायटेड फ्रूट व स्टँडर्ड फ्रूट यांची. रेल्वे त्यांची, बंदरें त्यांचीं, आणि अनेकदां मंत्रीही त्यांचेच. १९५४ सालीं या मळ्यांतील मजुरांनीं दोन महिन्यांहून अधिक काळ संप चालवून संघ स्थापण्याचा हक्क मिळविला; परंतु नंतर कंपन्यांनीं हजारों मजुरांस काढून टाकलें. हे लोक पडीक मळ्यांच्या कडेला झोपड्या घालून बसले. दक्षिणेस चोलुतेकाच्या बाजूला याच सुमारास कापूस वाढला, मागाहून अमेरिकेस गोमांस पाठविण्याचा धंदा वाढला, आणि गुरांसाठीं कुरणें हवींत म्हणून मोठे जमीनदार गांवच्या गायरानांस तारेचीं कुंपणें घालूं लागले. जमीन विपुल, माणसें थोडीं, तरीही भूमिहीनांची गर्दी, असें हें विपरीत चित्र होतें. जमिनीची टंचाई ही निसर्गानें निर्माण केलेली नसून कुंपणानें निर्माण केलेली होती, हें पुढें विद्वानांनीं आंकडेवारीनिशीं सिद्ध केलें. चोलुतेकाच्या शेतकऱ्याला तें आंकडेवारीवांचून कळत होतें.

रामोन विय्येदा मोरालेस या उदारपक्षीय अध्यक्षानें १९६१ सालीं राष्ट्रीय कृषिसंस्था स्थापिली व १९६२ सालीं भूमिसुधारणेचा कायदा केला. क्युबांतील क्रांतीनंतर अमेरिकेच्या सरकारलाच अशा कायद्यांची निकड वाटूं लागली होती. तरीही युनायटेड फ्रूट कंपनीनें तक्रार करतांच कायद्याची धार बोथट करण्यांत आली. पण जमीनदारांस बोथट शस्त्रही नको होतें. १९६३ च्या ऑक्टोबरमध्यें निवडणूक अवघ्या दहा दिवसांवर आली असतां, ३ तारखेच्या पहांटे सैन्यानें विय्येदाला पदच्युत करून देशाबाहेर पाठविलें. या बंडाचा नायक लोपेस आरेयानो होता.

लोपेसचा जन्म ३० जून १९२१ रोजीं दान्ली येथें झाला. तो वैमानिक होता व विमानदलांतूनच वर चढला. त्याच्या पहिल्या कारकीर्दींत शेतकऱ्याला मित्र समजण्याचें कोणतेंही चिन्ह दिसत नाहीं. संघांचे पुढारी तुरुंगांत गेले, ‘मांचा ब्रावा’ नांवाच्या पक्षीय गुंडांच्या टोळ्या खेड्यापाड्यांत मोकाट सुटल्या, आणि १९६५ सालीं घटनेचा देखावा उभा करून सेनापति अध्यक्ष झाला. मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. १९६७ नंतर कृषिसंस्थेचा संचालक रिगोबेर्तो सांदोवाल यानें सहकारी शेतीचा प्रयोग हातीं घेतला. त्याच्यापुढें नमुना होता एल प्रोग्रेसोजवळच्या ग्वांचीआस येथील संस्थेचा. कंपनीनें टाकून दिलेल्या जमिनीवर मळ्यांतून काढलेल्या मजुरांनीं ती १९६५ सालीं उभी केली होती. लोपेसनें संचालकास अडविलें नाहीं. हुकूमशहाच्या राज्यांत कांहीं वेळां चांगलें काम होतें, तें त्याचें लक्ष दुसरीकडे असतें म्हणून.

पण भूमिहीनांचा दबाव वाढत चालला. जमीनदारांच्या संघानें त्यावर एक युक्ति सुचविली. जमीन बळकावून बसलेले लोक होंडुरासचे नव्हतच, ते साल्वादोरी उपरे आहेत, असें ते सांगूं लागले. १९६२ च्या कायद्याच्या ६८ व्या कलमांत जमीन केवळ जन्मानें होंडुरासवासी असलेल्यासच द्यावी असें होतें. सात वर्षें निजून राहिलेलें हें कलम १९६९ च्या वसंतांत जागें करण्यांत आलें. नोटिसा निघाल्या, मुदत संपतांच माणसें हांकलण्यांत आलीं. ज्यांनीं वीस-वीस वर्षें शेत कसलें, ज्यांच्या बायका होंडुरासच्या व मुलें तेथेंच जन्मलेलीं, अशीं कुटुंबें डोक्यावर बोचकीं घेऊन सरहद्दीकडे चालूं लागलीं. यांतील खुबी अशी कीं, मोठ्या जमीनदाराच्या एका वाफ्यालाही धक्का न लावतां सरकारला ‘जमीन मोकळी केली’ असें म्हणतां आलें. गरिबाची जमीन काढून गरिबाला दिली, एवढाच या भूमिसुधारणेचा अर्थ. आणि परत आलेल्या लोंढ्याची धास्ती घेतलेल्या साल्वादोरच्या सरकारनें, आपल्या घरांतील जमिनीचा प्रश्न उघडा पडूं नये म्हणून, सैन्य पुढें काढलें.

युद्ध सुमारें शंभर तास चाललें. साल्वादोरचें पायदळ नुएवा ओकोतेपेकेपर्यंत आंत घुसलें. लोपेसच्या आवडत्या विमानदलानें साल्वादोरचे तेलाचे सांठे पेटविले. अमेरिकन राष्ट्रांच्या संघटनेनें तहकुबी घडवून आणली. दोन हजारांहून अधिक माणसें मेलीं, त्यांत बहुसंख्य सामान्य खेडूत होते. साठ हजारांपासून एक लाख तीस हजारांपर्यंत साल्वादोरी होंडुरासमधून उठले असे निरनिराळे अंदाज आहेत. तहावर सह्या होण्यास १९८० चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

येथें कथेला अनपेक्षित वळण लागतें. उपरे गेले, तरी होंडुरासच्या शेतकऱ्याला जमीन मिळाली नाहीं. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं आपल्या व जमिनीच्या मध्यें साल्वादोरी उभा नव्हता, दुसराच कोणी तरी उभा होता. युद्धानें राष्ट्रभावना पेटली होती, आणि जो शेतकरी सरहद्दीवर लढावयास गेला त्याला आतां ‘जमीन माग नको’ असें सांगणें कठीण झालें. १९७१ सालीं निवडणूक होऊन रामोन एर्नेस्तो क्रुस हा वृद्ध वकील अध्यक्ष झाला. सैन्याचें नेतृत्व लोपेसनें आपल्याकडेच ठेवलें. क्रुसनें भूमिसुधारणेचें काम थंड केलें. १९७२ च्या फेब्रुवारींत ओलांचो प्रांतांत ला तालांकेरा येथें जमिनीवर बसलेल्या सहा शेतकऱ्यांस सैनिकांनीं ठार केलें. वर्षाच्या अखेरीस शेतकरी संघांनीं राजधानीवर भुकेचा मोर्चा नेण्याचें ठरविलें. तो निघण्यापूर्वींच, ४ डिसेंबर १९७२ रोजीं, लोपेसनें दुसऱ्यांदा सत्ता हातीं घेतली. आणि नऊ वर्षांपूर्वीं भूमिसुधारणेच्या कायद्यावर उठलेला हाच मनुष्य या वेळीं भूमिसुधारणेचा कैवारी म्हणून सिंहासनावर बसला.

हा पालट मनापासून होता कीं धोरणानें, या वादांत मला फारसें स्वारस्य वाटत नाहीं. लोपेस भावनाप्रधान नव्हता. पेरूंत जनरल वेलास्को यानें १९६८ पासून चालविलेलें सुधारक लष्करी राज्य त्याच्या तरुण अधिकाऱ्यांपुढें होतें. मोर्चा चिरडण्यापेक्षां त्याच्या अग्रभागीं जाऊन उभें राहणें स्वस्त पडेल, असा हिशेब त्यानें केला असावा. हिशेब कोणत्याही हेतूनें केला असो, २६ डिसेंबर १९७२ चा आठवा हुकूम हा खरा होता. ज्या जमिनी मालकांनीं पडीक टाकल्या आहेत त्या त्यांनीं दोन वर्षांपुरत्या शेतकऱ्यांच्या गटांस सक्तीनें खंडानें द्याव्या, असें त्यानें फर्माविलें. हजारों कुटुंबें नव्या वसाहतींत जाऊन बसलीं. हुकूम तात्पुरता होता. परंतु दोन हंगाम पेरलेल्या शेतावरून शेतकऱ्याला उठविणें सोपें नसतें, हें हुकूम काढणारास व ज्यांच्यावर तो काढला त्यांस दोघांसही माहीत होतें. १९७५ च्या जानेवारींत कायमचा कायदा आला. त्यानें प्रांतपरत्वें धारणेची कमाल मर्यादा घातली आणि पांच वर्षांत सहा लाख हेक्टर, म्हणजे जवळ जवळ पंधरा लाख एकर जमीन, एक लाख वीस हजार कुटुंबांस वांटण्याचा संकल्प सोडला.

आतां आग्वानकडे वळूं. या संकल्पाचें सर्वांत मोठें दृश्य रूप म्हणजे कोलोन प्रांतांतील आग्वान नदीच्या खालच्या खोऱ्यांतील वसाहत.

हें खोरें ज्या त्रुहियो बंदराच्या पाठीशीं आहे, तेथें युरोपीय इतिहासाचीं पावलें इतकीं उमटलीं आहेत कीं त्या मानानें गांव फारच लहान वाटतें. कोलंबस आपल्या चवथ्या सफरींत १५०२ च्या ऑगस्टमध्यें येथें भूमीवर उतरला. निकाराग्वाचा राजा होऊन बसलेला अमेरिकन पुंड विल्यम वॉकर यास १८६० सालीं येथेंच गोळ्या घालून मारलें. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांच्या गोष्टींसाठीं पुढें प्रसिद्धीस आलेला ओ. हेन्री खटला चुकविण्यासाठीं पळाला तो होंडुरासच्या याच किनाऱ्याला, आणि १९०४ सालच्या पुस्तकांत त्यानें ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द जगाला दिला. आणि किनाऱ्यालगत गारिफुना लोकांचीं गांवें आहेत. आफ्रिकी व कॅरिब रक्ताच्या या लोकांस इंग्रजांनीं १७९७ सालीं सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार करून समोरच्या रोआतान बेटावर आणून टाकलें होतें. तेथून ते किनाऱ्यावर आले. ‘निर्जन’ व ‘पडीक’ हे शब्द सरकारी नकाशावर लिहिणारांस हे लोक क्वचितच दिसले आहेत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत युनायटेड फ्रूटची एक पोटकंपनी या खोऱ्यांत आली. तिनें रेल्वे टाकली, जंगल तोडलें, केळीं लावलीं. वीस-पंचवीस वर्षांत मुळांस लागणारा पनामा रोग पसरला व मळे मेले. तेव्हां कंपनी निघून गेली, आणि जातांना तिनें रूळ उखडून नेले. असें म्हणतात कीं साम्राज्यें आपल्या मागें रस्ते ठेवून जातात. कंपन्यांस ही संवय नाहीं. पुढें तीस वर्षें या सुपीक खोऱ्यांत पुन्हां रान माजलें, नदीला पूर येत राहिला, आणि त्रुहियो डुलक्या घेत राहिलें.

या रानांत लोपेसच्या सरकारनें दक्षिणेकडील व पश्चिमेकडील भूमिहीनांस पाठविण्याचें ठरविलें. कामाची सुरुवात त्याच्या पहिल्या कारकीर्दीच्या शेवटीं झाली होती. आंतर-अमेरिकन विकास बँकेचें कर्ज मिळालें. दुसऱ्या कारकीर्दींत वेग आला. चोलुतेकाच्या करपलेल्या डोंगरांतून आलेल्या शेतकऱ्याला येथील मुसळधार पाऊस, हिंवताप व दलदल हें सर्व नवें होतें. रस्ते नव्हते, शाळा नव्हत्या. कित्येक कुटुंबें परत गेलीं. जीं राहिलीं त्यांनीं झाडें तोडलीं, चर खणले, आणि पोटापुरता मका पिकवीत सरकारनें दिलेलीं तेलताडाचीं रोपें लावलीं.

तेलताड हें झाड या कथेंतील एक मुख्य पात्र असल्यामुळें त्याच्याविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. लावल्यापासून तिसऱ्या-चवथ्या वर्षीं तें फळतें. मग वीस-एक वर्षें वर्षभर घड देत राहतें. पंचविशी उलटली कीं इतकें उंच होतें कीं लांब काठीला कोयता बांधूनही घड काढणें परवडत नाहीं, आणि सगळा बाग तोडून नवा लावावा लागतो. तोडलेला घड एक-दोन दिवसांच्या आंत घाण्यांत गेला पाहिजे, नाहीं तर तेल नासतें. आपल्याकडील ऊस पिकविणाऱ्यास हें समजावून सांगावयास नको. तोडलेला ऊस वाळत पडला असतां कारखान्याच्या दारांत शेतकऱ्याची जी अवस्था होते, तीच येथें. म्हणजे पहिलीं तीन वर्षें शेतकरी कर्जावर जगणार, पुढें ज्याच्या हातीं घाणा त्याच्या हातीं शेतकरी, आणि पंचवीस वर्षांनीं पुन्हां मोठें कर्ज. असलें पीक एकट्या कुटुंबाला झेपत नाहीं. म्हणून जमीन व्यक्तीस न देतां सहकारी संस्थांस देण्यांत आली. घाणे, पतपुरवठा, विक्री हें सर्व प्रथम सरकारच्या हातीं होतें. शेतकरी जमिनीचा मालक झाला असें कागदावर होतें; प्रत्यक्षांत तो सरकारी योजनेचा मजूर आहे कीं मालक, हें त्याचें त्यालाही नीट सांगतां आलें नसतें.

या योजनेची निंदा करणें सोपें आहे. तिनें हजारों लोकांस खायला दिलें, शिकविलें, संघटित केलें, हेंही तितकेंच खरें आहे. पण तिच्या मुळाशीं एक चलाखी होती ती दृष्टीआड करतां कामा नये. चोलुतेकाच्या शेतकऱ्याची जमीन चोलुतेकांतच होती. ती कुंपणाच्या पलीकडे गेली होती. ती परत देण्याऐवजीं त्याला देशाच्या दुसऱ्या टोंकाला, सरकारच्या मालकीच्या रानांत पाठविलें. एकंदर वांटपांत खासगी मालकाकडून काढून घेतलेली जमीन थोडी, सरकारी व गांवठाणाची जमीन फार, असेंच शेवटपर्यंत राहिलें. कंपन्यांचे मळे तर निर्यातीचें पीक काढणारे म्हणून सुटलेच होते. भूमिसुधारणा हवी असें म्हणणारांस वसाहत देणें ही जगांतील पुष्कळ सत्ताधीशांची युक्ति आहे; रानाला मतें नसतात, आणि त्याचा जमीनदार-संघही नसतो.

१९७४ च्या सप्टेंबरांत फीफी नांवाच्या वादळानें उत्तर किनारा धुऊन काढला. सुमारें आठ हजार माणसें दगावलीं. चोलोमा गांव चिखलाखालीं गाडलें गेलें. सपाटीवरून हुसकलेल्या गरिबांनीं डोंगरउतार उघडे केले होते, ते उतारच खालीं आले. केळ्यांचे मळे आडवे झाले. आणि याच वर्षीं केळ्यांनीं लोपेसचा घात केला.

झालें असें कीं केळे पिकविणाऱ्या देशांनीं मिळून कंपन्यांवर निर्यातकर बसविण्याचें ठरविलें होतें. होंडुरासनें चाळीस पौंडांच्या पेटीस पन्नास सेंट कर जाहीर केला. कांहीं महिन्यांत तो निम्म्यावर आला. १९७५ च्या फेब्रुवारीच्या ३ तारखेस युनायटेड ब्रँड्स (युनायटेड फ्रूटचें नवें नांव) या कंपनीचा अध्यक्ष एली ब्लॅक यानें न्यूयॉर्कमधील आपल्या कचेरीच्या चव्वेचाळिसाव्या मजल्याची खिडकी फोडून खालीं उडी घातली. अमेरिकन सरकारनें कंपनीचे हिशेब तपासले तेव्हां साडेबारा लाख डॉलरांची लांच होंडुरासच्या एका अधिकाऱ्यास स्वित्झर्लंडमधून पोंचल्याचें निघालें. एप्रिलमध्यें वर्तमानपत्रांत बातमी फुटली. चौकशीसमितीनें लोपेसकडे परदेशांतील खातीं तपासण्याची परवानगी मागितली. ती त्यानें नाकारली. सेनापतिपद तरुण अधिकाऱ्यांनीं आधींच काढून घेतलें होतें. २२ एप्रिल रोजीं अध्यक्षपदही गेलें. जमिनीचा कायदा लागू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते.

त्यापुढें सुधारणेची घडी उलटूं लागली. जून १९७५ मध्यें ओलांचोंत लोस होर्कोनेस येथें शेतकऱ्यांच्या मोर्च्याच्या वेळीं चौदा माणसें मारण्यांत आलीं. त्यांत दोन कॅथॉलिक पाद्री होते. आग्वानच्याच भागांत इस्लेतास येथें वादळानंतर स्टँडर्ड फ्रूटनें सोडून दिलेल्या मळ्यांवर मजुरांनीं सहकारी संस्था उभी केली व ती भरभराटीसही आणली. १९७७ च्या फेब्रुवारींत सैन्य आलें, पुढाऱ्यांस साम्यवादी ठरवून तुरुंगांत घातलें. त्या तुकडीचा प्रमुख गुस्ताव्हो आल्वारेस मार्तिनेस पुढें १९८२ सालीं सर्व सैन्याचा मुख्य झाला. पांच वर्षांत वांटावयाच्या सहा लाख हेक्टरांपैकीं लहानसा अंशच शेतकऱ्यांच्या पदरांत पडला.

तरीही आग्वानचे ताड वाढत होते. १९८० नंतर संस्थांनीं घाणेही आपल्या हातीं घेतले. मात्र कर्जें थकत गेलीं, संस्थांत भांडणें झालीं, कारभाऱ्यांवर अफरातफरीचे आरोप आले. याच काळांत, १९८३ सालीं, त्रुहियोजवळ कृषिसुधारणेस योग्य अशा कित्येक हजार हेक्टर जमिनीवर अमेरिकेनें एक लष्करी शिक्षणकेंद्र उघडलें. तेथें शिकावयास आले ते मुख्यतः साल्वादोरचे सैनिक. चौदा वर्षांपूर्वीं साल्वादोरी शेतकऱ्याला या देशांत जागा नव्हती. आतां साल्वादोरी शिपायाला होती. होंडुरासच्या लोकांस ही गोष्ट रुचली नाहीं, व दोन वर्षांत केंद्र बंद पडलें.

मग १९९२ चा कायदा आला. अध्यक्ष काय्येहास यांच्या सरकारनें शेतीच्या ‘आधुनिकीकरणा’च्या नांवाखालीं सुधारणेंत मिळालेली जमीन विकण्याची मुभा दिली. वेळ पाहा. सत्तरीच्या आरंभीं लावलेले ताड आतां विशी ओलांडून उंच झालेले, नव्या लागवडीस भांडवल हवें, बँक दार लावून बसलेली, तेलाचे भाव पडलेले. अशा घडीला विकण्याचें स्वातंत्र्य देणें म्हणजे बुडत्याला पोहण्याचें स्वातंत्र्य देणें होय. तीन-चार वर्षांत खालच्या आग्वानमधील सहकारी जमिनीपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश जमीन थोडक्या धनिकांच्या हातीं गेली. त्यांत मुख्य मिगेल फाकुसे. पुढाऱ्यांस पैसे चारले, न ऐकणारांस धमकावलें, सभासदांस न विचारतां सह्या झाल्या, असे आरोप शेतकरी तेव्हांपासून करीत आले आहेत. विकणाऱ्यांपैकीं अनेकजण त्याच बागेंत रोजानें घड तोडूं लागले. यास अपवाद होते. योरो प्रांतांत ग्वायमास येथील संस्थांनीं आपली जमीन व आपला घाणा दोन्ही राखलीं. म्हणजे शेतकऱ्याला सहकार जमतच नाहीं, हा जो निष्कर्ष शहरांत सुखासमाधानानें काढण्यांत आला, त्यास आधार नाहीं.

लोपेस या काळांत व्यापारी झाला होता. विमानवाहतुकीच्या धंद्यांत त्यानें पैसा मिळविला. आग्वानमध्यें काय चाललें आहे याविषयीं तो सार्वजनिक रीतीनें फारसें बोलत नसे. त्याच्या वसाहतींत वाढलेली दुसरी पिढी मात्र बोलूं लागली होती. २००० सालच्या मे महिन्यांत भूमिहीनांनीं बंद पडलेल्या लष्करी केंद्राच्या जमिनीवर जाऊन गांव वसविलें, आणि त्याला १९८३ सालीं ओलांचोच्या रानांत नाहींसा झालेल्या ग्वादालुपे कार्नी या जेझुइट पाद्र्याचें नांव दिलें. २००१ सालीं जमिनी गमावलेल्या संस्थांच्या सभासदांनीं आपली एकजूट बांधली. प्रथम ते न्यायालयांत गेले. २००९ च्या जूनमध्यें राजधानींत पुन्हां एकदां लष्करी बंड झालें; डिसेंबरांत शेतकरी फाकुसे व इतरांच्या ताडबागांत शिरले. सैन्य आलें, खासगी पहारेकरी आले, प्रेतें पडूं लागलीं. पुढील थोड्या वर्षांत मेलेल्यांची संख्या शंभरांवर गेली. त्यांत बहुसंख्य शेतकरी होते, पहारेकरीही होते. फाकुसेच्या कंपनीस कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेच्या शाखेवर तिच्याच तपासनिसांनीं २०१४ सालीं कडक ताशेरे झाडले.

२०१० च्या एप्रिलमध्यें सरकारनें शेतकऱ्यांशीं करार केला आणि अकरा हजार हेक्टर जमीन टप्प्याटप्प्यानें देण्याचें कबूल केलें; चाळीस वर्षांपूर्वीं त्यांच्या बापांस जी दिली होती, तिच्यांतीलच ही जमीन, फक्त आतां तिची किंमत द्यावयाची होती. मे महिन्याच्या १६ तारखेस ओस्वाल्दो लोपेस आरेयानो वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं वारला. १५ नोव्हेंबर रोजीं, पूर्वींच्या लष्करी केंद्राच्या हद्दींतील एल तुंबादोर या ताडबागेंत, सकाळीं कामास शिरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पांचजण ठार झाले.